सिझेरियनमधली पूर्ण भूल आणि ‘अफूचे इंजेक्शन’

प्रति,
मा. संपादक,

विषय : सिझेरियनच्या वेळी पूर्ण भूल देताना वापरली जाणारी ओपिऑइड (अफूच्या वर्गातली वेदनाशामक) औषधे

महोदय,

‘भुलीत अफूचे इंजेक्शन दिले म्हणून बाळ रडले नाही’ हे वाक्य प्रसूतिगृहांच्या व्हरांड्यात वरचेवर ऐकू येते आणि तिथून ते व्हॉट्सअ‍ॅपवर जाते. दुसरे एक वाक्य मात्र फारसे बाहेर येत नाही : ‘ऑपरेशन चालू असताना मला सगळे ऐकू येत होते.’ बाळंतीण ते सहसा बोलत नाही. बोललीच तर घरचे म्हणतात, स्वप्न पडले असेल. ही दोन्ही वाक्ये एकाच निर्णयापाशी येऊन मिळतात. फेन्टानिल, मॉर्फिन, रेमिफेन्टानिल ही ओपिऑइड औषधे आईला कधी द्यायची, किती द्यायची आणि त्या वेळी बाळाजवळ कोण उभे असायला हवे, हा तो निर्णय. त्यावर कोल्हापूर जिल्ह्यातल्या नातेवाइकांसाठी आणि छोट्या प्रसूतिगृहांच्या चालकांसाठीही स्पष्ट लिहिणे गरजेचे वाटले.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. बहुतेक सिझर कमरेत इंजेक्शन देऊन होतात. त्यात ब्युपिव्हाकेन या बधिर करणाऱ्या औषधासोबत १० ते २५ मायक्रोग्रॅम फेन्टानिल थेट मणक्यातल्या पाण्यात दिले जाते. ही मात्रा इतकी कमी असते की बाळापर्यंत पोचणाऱ्या औषधाची चिंता करण्याचे कारण नाही. हे पत्र पूर्ण भुलीबद्दल आहे.

पूर्ण भूल कोणाला लागते? नाळ बाळाच्या आधी खाली आली, वार सुटून रक्तस्राव सुरू झाला, बाळाचे ठोके पडले आणि वर येईनात, आईला झटके येऊन ती शुद्धीवर नाही, प्लेटलेट खूप कमी आहेत, किंवा कमरेतली भूल चढलीच नाही, अशा वेळी. म्हणजे मुळातच घाई, मुळातच धोका. अशा बाळांपैकी काही भूल देण्याआधीच गुदमरलेली असतात. ते बाळ रडले नाही तर दोष इंजेक्शनवर टाकणे सोपे जाते.

गर्भवतीच्या पोटातले अन्न वर येऊन फुप्फुसात जाण्याची भीती असते, म्हणून ही भूल झटपट द्यावी लागते. तीन मिनिटे घट्ट मास्कने शुद्ध ऑक्सिजन, मग थायोपेन्टोन किंवा प्रोपोफोल हे झोपेचे औषध, लगेच स्नायू सैल करणारे सक्सिनिलकोलिन, आणि साधारण मिनिटाभरात श्वासनळीत नळी. पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेलेला नियम असा, की या टप्प्यात ओपिऑइड द्यायचे नाही. बाळ बाहेर आले, नाळेला चिमटा लागला, की मगच द्यायचे. कारण सरळ आहे. ही औषधे वारेतून बाळाकडे जातात आणि बाळाच्या मेंदूतले श्वासाचे केंद्र मंद करतात. बाळ गुदमरलेले असेल तर त्याचे रक्त आम्लधर्मी झालेले असते आणि ओपिऑइडसारखी सौम्य अल्कधर्मी औषधे अशा रक्तात अडकून राहतात. कळा चालू असताना दंडात किंवा कुल्ल्यात दिल्या जाणाऱ्या पेथिडिन या जुन्या ओपिऑइडच्या अनुभवानेही ही भीती पक्की केली. पेथिडिनपासून शरीरात तयार होणारा नॉरपेथिडिन नावाचा घटक नवजात बाळाच्या अंगात दोन-तीन दिवस रेंगाळतो. पण पेथिडिनचा हिशेब रेमिफेन्टानिलला लावता येत नाही, आणि गडबड नेमकी इथेच होते.

या नियमाची किंमत आई मोजते. घशात लॅरिंगोस्कोप (श्वासनळी दिसावी म्हणून वापरायचे साधन) घालून नळी टाकणे हा शरीराला बसणारा मोठा धक्का आहे. नाडी आणि रक्तदाब दोन्ही झपाट्याने उसळतात. धडधाकट बाईला दोन-तीन मिनिटांची ही उसळी सोसते. पण जिचा दाब गर्भारपणामुळे आधीच १७०-११० आहे, तिच्या मेंदूतली रक्तवाहिनी या मिनिटात फुटू शकते. संधिवाताच्या तापानंतर हृदयाची झडप अरुंद झालेल्या बाया आपल्याकडे अजूनही गरोदरपणातच पहिल्यांदा उघडकीस येतात. त्यांची नाडी १४० वर गेली की रक्त पुढे सरकायला वेळच मिळत नाही आणि फुप्फुसात पाणी भरते. मेंदूत रक्तवाहिनीचा फुगा असलेल्यांचेही तसेच.

दुसरी किंमत जाग राहण्याची. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या भूलतज्ज्ञांच्या पाचव्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१४ मध्ये आला. भुलीत असताना जाग आल्याची तक्रार एकंदरीत सुमारे १९,००० भुलींमागे एक होती. पूर्ण भुलीतल्या सिझरमध्ये मात्र सुमारे ६७० मागे एक. कारणे एकात एक गुंतलेली आहेत. थायोपेन्टोन वजन न पाहता सरसकट २५० मिलिग्रॅम दिले जाते. ६० किलोच्या बाईला किलोमागे ५ मिलिग्रॅमप्रमाणे ३०० मिलिग्रॅम लागतात, म्हणजे अडीच टक्क्यांच्या द्रावणाचे १२ मिलिलिटर. ७५ किलोची बाई असेल तर २५० मिलिग्रॅममध्ये ती अर्धवटच झोपते. थायोपेन्टोन काही मिनिटांत मेंदूतून निघून जाते आणि तोवर सेव्होफ्लुरेन किंवा आयसोफ्लुरेन हा भुलीचा गॅस पुरेसा चढलेला नसतो. स्नायू मात्र सैल पडलेले, त्यामुळे ती हातही हलवू शकत नाही. त्यातच वेदनेवर काहीच दिलेले नसते. (त्याच पाहणीतला एक इशारा आपल्या थिएटरलाही लागू पडतो : थायोपेन्टोनची सिरिंज आणि अँटिबायोटिकची सिरिंज दिसायला सारखी असते. लेबल नसेल तर झोपेच्या औषधाऐवजी अँटिबायोटिक जाते आणि मागोमाग सक्सिनिलकोलिन.)

मग सगळ्यांनाच आधी ओपिऑइड द्यावे का? आमचे मत : नाही. धडधाकट आई, दाब ठीक, बाळ गुदमरलेले, अशा वेळी जुना नियमच बरा. थायोपेन्टोनची मात्रा पुरेशी, गॅस सुरुवातीला चढा, आणि ओपिऑइड नाळ बांधल्यावर. पण तीव्र रक्तदाब, हृदयाचा झडपेचा आजार, मेंदूतली विकृती असलेल्या आईला नळी टाकण्याआधी कमी वेळ टिकणारे ओपिऑइड न देणे ही सावधगिरी नव्हे, तो जुगार आहे. बाळाचा मंदावलेला श्वास मास्कला जोडलेल्या, हाताने दाबायच्या पिशवीने चालवता येतो. आईच्या मेंदूतला रक्तस्राव मागे घेता येत नाही.

औषध कोणते, यावर बरेच अवलंबून आहे. या कामाला सर्वांत सोयीचे रेमिफेन्टानिल. शिरेतून दिल्यावर ते एक ते दीड मिनिटात शिखरावर पोचते, म्हणजे सक्सिनिलकोलिनच्या बरोबरीने. रक्तातली आणि पेशींमधली एस्टरेज विकरे ते तोडतात. यकृत-मूत्रपिंडाची वाट पाहावी लागत नाही, काही मिनिटांत परिणाम ओसरतो. वारेतून ते बाळाकडे जाते, नक्की जाते, पण बाळही ते लवकर तोडते. किलोमागे अर्धा ते एक मायक्रोग्रॅम, सावकाश, साधारण अर्ध्या मिनिटात. भसकन दिले तर छातीचे स्नायू ताठ होतात आणि मास्कने हवा जाईना होते. एक मिलिग्रॅमच्या कुपीत २० मिलिलिटर सलाईन घातले की मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम होतात. ६० किलोच्या बाईला एक मायक्रोग्रॅमप्रमाणे १.२ मिलिलिटर. शेवटी सलाईनची नळी आणि व्हेनफ्लॉन (शिरेत बसवलेली सुई) धुऊन काढायलाच हवे. नळीत उरलेले थेंब वॉर्डात पुढच्या इंजेक्शनबरोबर आत गेले तर बाईचा श्वास तिथेच थांबू शकतो.

अडचण अशी की रेमिफेन्टानिल सगळीकडे मिळत नाही. तालुक्याच्या ठिकाणी हाताशी असते ते फेन्टानिल, आणि त्याच्या वेळेचे गणित बहुतेक ठिकाणी चुकते. फेन्टानिल शिखरावर पोचायला तीन ते पाच मिनिटे घेते. थायोपेन्टोनच्या बरोबर ते दिले, तर नळी मिनिटाभरात गेलेली असते, दाबाची उसळी येऊन गेलेली असते, आणि औषध वरातीमागून घोडे आल्यासारखे नंतर चढते, नेमके बाळ बाहेर येण्याच्या सुमाराला. आईला उपयोग नाही, बाळाला मात्र पुरेपूर पोच. द्यायचेच तर ऑक्सिजनचा मास्क लावतानाच द्यायला हवे, किलोमागे एक मायक्रोग्रॅमच्या वर नाही. ६० किलोला ६० मायक्रोग्रॅम, म्हणजे १०० मायक्रोग्रॅमच्या दोन मिलिलिटरच्या अँप्युलमधले १.२ मिलिलिटर. ती तीन मिनिटे आईला ‘मोठा श्वास घ्या’ असे सांगत राहावे लागते, कारण तिला गुंगी येते आणि श्वास उथळ होतो. शिवाय नळी टाकता आली नाही आणि आईला जागे करायची वेळ आली, तर हेच फेन्टानिल तिचा स्वतःचा श्वास परतायला उशीर लावते. म्हणून मान आखूड, जबडा लहान, वजन जास्त अशा बाईत हात आणखी आखडता.

ओपिऑइडशिवायही दाब रोखता येतो, आणि बऱ्याचदा दोन्ही मिळून वापरावे लागते. भूल देण्याआधी दाब उतरवणारे लॅबेटालॉल २० मिलिग्रॅम शिरेतून, गरज पडल्यास दहा मिनिटांनी ४०; वरचा दाब १६० च्या खाली आल्याशिवाय लॅरिंगोस्कोप हातात न घेणे. मॅग्नेशियम सल्फेट झटक्यांसाठी चालू असेल तर तेही उसळी बोथट करते, मात्र नंतर दिलेल्या स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा परिणाम लांबवते.

इथे चंदगड, शाहूवाडी, गगनबावड्याहून येणाऱ्या रेफर चिठ्ठीचा प्रश्न येतो. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या घरात. पावसाळ्यात वेळ किती लागेल ते रस्ता ठरवतो. निघण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात मॅग्नेशियमचे १४ ग्रॅम दिलेले असतात, ४ शिरेतून आणि १० दोन्ही कुल्ल्यांत मिळून. कधी कळा सोसेनात म्हणून ट्रामाडॉल किंवा पेन्टाझोसिनही टोचलेले असते; हीसुद्धा ओपिऑइडच. सीपीआरमध्ये (कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) किंवा खासगी दवाखान्यात पोचल्यावर चिठ्ठीवर नुसते ‘प्राथमिक उपचार दिले’. भूलतज्ज्ञ ओपिऑइड न देता भूल देतो आणि बाळ तरीही श्वास घेत नाही. औषधाचे नाव, मात्रा, वेळ या तीन गोष्टी चिठ्ठीवर लिहायला दहा सेकंद लागतात.

आता बाळाजवळच्या माणसाबद्दल. बाळाच्या श्वासाला केवळ ओपिऑइड मंद करत नाही. थायोपेन्टोन, नायट्रस ऑक्साइड, सेव्होफ्लुरेन हे सगळेच वारेतून जातात. स्नायू सैल करणारी औषधे तेवढी फारशी जात नाहीत. म्हणजे पूर्ण भुलीतल्या सिझरमध्ये ओपिऑइड द्या वा न द्या, बाळाला पिशवी-मास्कने श्वास देऊ शकणारा माणूस लागतोच. तो माणूस भूलतज्ज्ञ असू शकत नाही. त्याचे हात आईच्या डोक्याशी अडकलेले असतात, आणि तो बाळाकडे वळला की इकडे आईकडे कोणी उरत नाही. बालरोगतज्ज्ञ असावा, नसेल तर नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाचे प्रशिक्षण घेतलेली नर्स, जिचे त्या वेळी दुसरे काही काम नसेल. टेबलाजवळ साहित्य मोजायला जाऊ नये आणि दाराशी नातेवाइकांना पेढ्यांचे सांगायलाही.

भूल देण्याआधी बाळाजवळच्या या माणसाला मोठ्याने सांगायचे : ‘आईला फेन्टानिल ६०, दोन वाजून दहा मिनिटांनी.’ बाळ आले की पुसणे, पाठ चोळणे, मान किंचित वर. श्वास नसेल तर पहिल्या मिनिटाच्या आत पिशवी-मास्क, मिनिटाला ४० ते ६० वेळा, पूर्ण दिवसांच्या बाळाला साध्या हवेनेच सुरुवात. निव्वळ औषधाने मंदावलेल्या बाळाचे ठोके सहसा चांगले असतात. दोन-चार श्वास दिले की ते गुलाबी होते. फक्त स्वतःहून श्वास घ्यायचा आळस करते. ठोके १०० च्या खाली आणि अंग लुळे असेल तर बहुधा प्रश्न औषधाचा नसून गुदमरण्याचा आहे, आणि त्याचे उपचार वेगळ्या गतीने पुढे जातात. हा फरक ओळखता आला की नॅलोक्सोन (ओपिऑइडचा परिणाम उलटवणारे औषध) शोधत धावाधाव होत नाही. नॅलोक्सोन हे पहिले औषध नव्हेच, श्वास आधी. ठोके आणि रंग सुधारूनही बाळ श्वास घेत नसेल, आईला ओपिऑइड दिल्याची नोंद असेल, तरच किलोमागे ०.१ मिलिग्रॅमचा विचार. आणि त्याचा परिणाम ओपिऑइडच्या आधी ओसरू शकतो, म्हणून बाळ पुढचे काही तास नजरेखाली हवे. जन्मानंतर पाच मिनिटांनी बाळाच्या प्रकृतीला गुण किती हे ज्या अपगार मोजपट्टीने ठरते, ती १९५२ मध्ये तयार करणाऱ्या डॉ. व्हर्जिनिया अपगार स्वतः भूलतज्ज्ञ होत्या. आईच्या भुलीचा बाळावर काय परिणाम होतो हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता.

नाळ बांधल्यानंतरचा भाग दुर्लक्षित राहतो, आणि खरे नुकसान तिथे होते. बाळ बाहेर आल्यावर गर्भपिशवी आकसावी म्हणून गॅस कमी करतात, कारण गॅस जास्त असेल तर पिशवी सैल राहते आणि रक्त जाते. गॅस कमी केला आणि ओपिऑइड दिले नाही, तर जाग येण्याची दुसरी फट उघडते, तीही टाके घालण्याच्या ऐन वेळी. नाडी १२०, दाब वर, डोळ्याच्या कडेला पाणी, ही त्या वेळी आईची एकमेव भाषा असते. चिमटा लागल्याबरोबर फेन्टानिल किलोमागे दीड-दोन मायक्रोग्रॅम, किंवा थोडे फेन्टानिल आणि मॉर्फिन किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, हे आईचे देणे आहे. बाळाचा त्याच्याशी आता संबंध उरलेला नाही.

तरीही ते दिले जात नाही, कारण बऱ्याच छोट्या दवाखान्यांत फेन्टानिल-मॉर्फिन ठेवलेच जात नाही. कायद्याची भीती. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली. मॉर्फिन, फेन्टानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन ही सहा ‘अत्यावश्यक अमली औषधे’ ठरली आणि पाच-सहा परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकांची एकच मान्यता पुरेशी झाली. आपल्याकडे हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. जबाबदार डॉक्टर नेमणे, कुलूपबंद कपाट, रोजची नोंद, उरलेले औषध दोघांच्या सहीने नष्ट करणे, एवढे सांभाळावे लागते. हे त्रासाचे आहे, अशक्य नाही. त्याऐवजी पेन्टाझोसिनवर भागवले जाते. तेही नियंत्रित औषध आहे, पण सवयीचे. त्याने नाडी आणि दाब वाढतात. म्हणजे ज्या बाईला दाब रोखण्यासाठी औषध हवे, तिलाच दाब चढवणारे मिळते. शिवाय ते मॉर्फिन-फेन्टानिलचा परिणाम काही अंशी उलटवते, म्हणून नंतर खरे औषध दिले तरी लागू पडत नाही.

वॉर्डातले थोडक्यात. पूर्ण भुलीतून आलेल्या बाईला कमरेतल्या औषधाचा आधार नसतो, म्हणून तिचे दुखणे जास्त. पॅरासिटामॉल एक ग्रॅम दर सहा ते आठ तासांनी घड्याळ पाहून द्यायचे, ‘दुखले तर सांगा’ म्हणून नव्हे. मूत्रपिंड ठीक आणि रक्तस्राव थांबलेला असेल तर डायक्लोफेनॅक. ऑपरेशन संपता संपता पोटाच्या दोन्ही बाजूंना सोनोग्राफीखाली पाव टक्का ब्युपिव्हाकेन २०-२० मिलिलिटर दिले की मॉर्फिन बरेच कमी लागते. मात्र ५० किलोखालच्या बाईला ही मात्रा घटवायला हवी. मॉर्फिन घेतलेल्या बाईचा श्वास मिनिटाला दहाच्या खाली आणि ती हाकेला नीट उठत नसेल, तर दुखत नाही म्हणून शांत झोपली असे समजू नये. मॅग्नेशियम चालू असेल तर दुप्पट लक्ष.

आई नीट शुद्धीवर आली, बाळ धरू शकली, की तिने पाजावे. भुलीचे औषध उतरेल म्हणून पहिला चीक पिळून टाकण्याची गरज नाही. अपवाद ट्रामाडॉल आणि कोडीनच्या गोळ्यांचा. काही बायांच्या शरीरात त्यांचे जोरकस रूपांतर होते आणि दुधातून बाळाला गुंगी येते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये पाजत्या आयांना ही औषधे टाळायला सांगितले.

नातेवाइकांकडून एवढीच अपेक्षा. थिएटरच्या दाराशी तिचे ताजे वजन, शेवटचे खाणे-पिणे, घोरण्याची सवय आणि आधीच्या भुलीचा त्रास सांगा. ती पाठदुखीसाठी ट्रामाडॉलच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेत असेल, कोडीनचे खोकल्याचे औषध रोज पीत असेल, तर तेही लपवू नका. बाजूला बोलावून सांगा हवे तर. अशा आईच्या बाळाला नॅलोक्सोन दिले तर त्याला झटके येऊ शकतात, आणि ते टाळण्याची माहिती त्या क्षणी फक्त तुमच्याकडे असते.

आपले,
प्रसूतिभुलीचे काम करणारे काही भूलतज्ज्ञ,
कोल्हापूर